तालीम : शाळेची आणि गावाची

मराठीत 'तालीम' हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. नाटकमंडळी प्रयोगाआधी तालीम करतात, पैलवान पहाटे तालमीत जातो, आणि एखाद्या विद्येत मुरलेल्या माणसाबद्दल 'तो अमक्याच्या तालमीत तयार झाला' असे आपण म्हणतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणे, शिक्षण. मराठीने तो फारसीच्या वाटेने घेतला आणि शरीराच्या शिक्षणाकडे वळवला. उर्दूत मात्र तो मूळ अर्थाला धरून राहिला. म्हणूनच निजामाच्या हैदराबाद राज्यात शिक्षण संचालकाला 'नाजिम-ए-तालीमात' म्हणत. त्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यात मराठी बोलणारा शेतकरी 'तालीम' म्हणे ती मारुतीच्या देवळाशेजारच्या लाल मातीच्या खोलीला. एकाच राज्यात, एकाच शब्दाने, सरकारची तालीम वेगळी होती आणि गावाची वेगळी.

हा केवळ शब्दकोशातला योगायोग नाही. शालेय क्रीडेला सरकारने दिलेले साहाय्य आणि सामान्य माणसाला मिळालेले (किंवा न मिळालेले) मैदान, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास म्हणजे या दोन तालमी कुठे एकत्र आल्या आणि कुठे आल्या नाहीत याचा इतिहास आहे. नारायणगडाच्या परिसरातून, म्हणजे बीडच्या बालाघाटी मुलखातून पाहिले तर तो विशेष स्पष्ट दिसतो.

सुरुवात आपल्या वाचनातल्या एका पुस्तकापासून करू. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर ही तिची मध्यवर्ती व्यक्तिरेखा. या मास्तराची शाळा कशीबशी चालते. पण वाडीच्या जीवनात त्याने घडवलेली मोठी गोष्ट कोणती, तर तालीम. लोकांच्या श्रमदानातून ती इमारत उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. अध्यापनात आपण या प्रसंगाकडे बहुधा मास्तराच्या ध्येयवादाचे किंवा ग्रामजीवनाच्या चित्रणाचे उदाहरण म्हणून पाहतो. क्रीडेच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. इथे शाळेचा शिक्षक गावाची तालीम बांधतो, गाव अंगमेहनत देते आणि सत्ता तिला मान देते. शाळा, गाव आणि सरकार हे तिघे एका चौथऱ्यावर उभे राहतात. कादंबरीतली ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कडवे प्रचारक होते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला होता. राजाची आवड आणि शाळेचे वेळापत्रक यांची तिथे सांगड होती.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. मधला आखाडा खाली आणि भोवतालची बैठक वर चढत गेलेली, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी मागे बसलेल्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. राजाश्रय म्हणजे दरबारात पैलवान पोसणे, ही जुनी कल्पना इथे बदलली. राज्याने हजारो लोकांना बसता येईल अशी जागा दिली आणि पेठापेठांतल्या तालमींनी तिला माणसे पुरवली. या वातावरणाचे फळ पुढे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या रूपाने दिसले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र सरकारी मदत पुरेशी मिळाली नाही. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण एका प्राचार्याच्या दातृत्वाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण तिच्यात एक पालटही नोंदलेला आहे. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय संपला, आणि त्याची जागा घेणारी लोकशाही यंत्रणा अजून तयार झाली नव्हती. त्या मधल्या पोकळीत एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले.

औंध आणि कोल्हापूर ही संस्थाने होती, तसे हैदराबादही संस्थानच होते. मग बीडमध्ये निराळे का घडले? हैदराबाद राज्याला खेळांचे वावडे होते असे मुळीच नाही. राजधानीत फुटबॉलची मोठी परंपरा वाढली. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे आणि पेशाने शिक्षक. पण राजधानीतले मैदान आणि मराठवाड्यातले खेडे यांत अंतर होते, आणि ते केवळ मैलांचे नव्हते. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू, गावाची मराठी. खासगी शाळा काढायची तर परवानगी, जाहीर सभा घ्यायची तर परवानगी आणि आखाडा काढायचा तरीही परवानगी, असे निर्बंध त्या राजवटीत होते. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी पुढे आल्या त्यांत आखाड्यांवरील निर्बंधांचाही समावेश होता. शाळा आणि आखाडा एकाच संशयाच्या यादीत घालणाऱ्या त्या सरकारला या दोहोंतले नाते, एका अर्थी, पुढच्या लोकनियुक्त सरकारांपेक्षा अधिक नेमके कळले होते असे म्हणावे लागेल. जिथे तरुण रोज जमतात, शरीर कमावतात आणि एकमेकांना ओळखतात, तिथे नुसता व्यायाम होत नाही, हे त्याने जाणले होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयासारख्या शाळा या चिमटीतच वाढल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते, एवढे सांगितले तरी त्या काळातली शाळा काय असू शकत होती याची कल्पना येते.

मग गावाला एकत्र येण्यासाठी कोणती जागा उरली? देवस्थानची. बीड जिल्ह्यात 'गड' म्हटले की किल्ला डोळ्यांपुढे येत नाही. डोंगरमाथ्यावरचे संतस्थान येते. नगद नारायण महाराजांचे नारायणगड हे त्यांतले एक. 'धाकटी पंढरी' म्हणून वारकरी त्याला ओळखतात. गडाचे आवार, गावातला पार, मारुतीचे देऊळ, जत्रेचा माळ आणि उरुसाचे मैदान या इथल्या खऱ्या सार्वजनिक जागा. जत्रेच्या शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड पडे. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन इनामाच्या कुस्तीपर्यंत तो चाले. पंचमंडळी वर्गणी काढत, मातीत तेल-ताक गाव घाली, आणि प्रेक्षकाला तिकीट नसे. या व्यवस्थेत सरकार कुठेच नव्हते. त्यामुळे ती टिकली, पण वर्षातून एकदाच फुलणारी राहिली.

इथे १९३७ या वर्षाकडे लक्ष वेधायला हवे. त्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि शारीरिक शिक्षणाचा प्रश्न सरकारी पातळीवर गांभीर्याने घेतला गेला. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे मार्गदर्शन त्यासाठी घेण्यात आले आणि १९३८ मध्ये शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कांदिवलीला सरकारी संस्था सुरू झाली. त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या उपस्थितीत शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम' हा शब्दप्रयोग देशभर गेला. मराठी मुलखात तालमीचा शिक्षण हा मूळ अर्थ असा हिंदुस्तानीच्या वाटेने परत आला; आणि तोही हातांच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवून. ब्रिटनमध्येही १९३७ सालीच शारीरिक शिक्षण आणि मनोरंजन यांविषयीचा कायदा होऊन स्थानिक संस्थांना मैदाने, व्यायामगृहे आणि पोहण्याचे तलाव उभारण्यासाठी अनुदान देण्याची सोय झाली. त्या काळात शरीराचे शिक्षण ही राज्याची जबाबदारी मानण्याकडे जगाचा कल होता.

सरकारची वाट न पाहता व्यायामशाळेतूनच शाळा-महाविद्यालये काढणाऱ्या संस्थाही मराठी भाषकांत उभ्या राहिल्या होत्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यातील महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. वऱ्हाडात आणि पुण्यात गावाची तालीम शाळेपर्यंत पोहोचली. बीड या सगळ्याच्या सीमेपलीकडे होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भाषिक पुनर्रचनेपूर्वीच्या हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबईत आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात, असा त्याचा प्रवास. कांदिवलीच्या प्रयोगाला बावीस वर्षे झाल्यावर बीड महाराष्ट्राच्या शाळेत दाखल झाले. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला मागचा धडा पुन्हा कोणी शिकवत नाही, तसे काहीसे इथे झाले.

महाराष्ट्र राज्याने पुढे शालेय क्रीडेसाठी काय केले? नोंद न्याय्य असायला हवी, म्हणून आधी केलेले सांगतो. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत गेल्या. १९७० मध्ये क्रीडा व युवक सेवा संचालनालय वेगळे झाले आणि जिल्ह्याला क्रीडा अधिकारी मिळाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची उतरंड तयार झाली. राष्ट्रीय पातळीवर शालेय खेळांचा महासंघ १९५४ पासून होताच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल बांधले गेले. २००१ च्या क्रीडा धोरणातून विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर संकुले उभारण्याचा कार्यक्रम आला. २००५ पासून गुणवंत खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण मिळाले. मार्च २०२२ मध्ये संकुलांच्या अनुदानाची मर्यादा तालुक्यासाठी १ कोटीवरून ५ कोटी आणि जिल्ह्यासाठी ८ कोटींवरून २५ कोटी रुपये झाली. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. ही यादी लहान नाही.

पण यादीचा कल पाहा. स्पर्धा आहे, बक्षीस आहे, नोकरी आहे, तालुक्याच्या गावी इमारत आहे. रोजच्या सरावाची जागा आणि रोज शिकवणारा माणूस या दोन गोष्टी मात्र प्रत्येक वेळी यादीच्या शेवटी येतात. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. एका तालुका संकुलाची ५ कोटींची मर्यादा म्हणजे दहा हजार प्राथमिक शाळांचे एका वर्षाचे साहित्य. एक खर्च एकदाच होणारा आणि दुसरा वार्षिक, हे मान्य करूनही प्रमाण डोळ्यांत भरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. पण शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असेल तरच, आणि तोही अंशकालीन. बालाघाटातल्या लहान वस्त्यांच्या शाळा या अटीत मुळातच बसत नाहीत. त्यांना कायद्याने मैदान दिले आणि मैदानावर उभा राहणारा माणूस दिला नाही.

याचा परिणाम बीडच्या नामवंत खेळाडूंच्या वाटचालीतून वाचता येतो. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवतो. त्याची घडण पुण्यात झाली, हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि धावत जाई. अडथळ्यांच्या शर्यतीशी त्याची ओळख बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने ते मिळवले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे हिचे कुटुंब मूळचे केज तालुक्यातले. तिचा खेळ वाढला पुणे परिसरात. यांच्या यशाचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मात्र तिघांच्याही वाटचालीत एक समान टप्पा आहे : जिल्हा सोडणे. एकाला शहरातल्या तालमीने घडवले, दुसऱ्याला सैन्याने, तिसरीला शहरातल्या मैदानाने. ऊस तोडायला या जिल्ह्यातून माणसे बाहेर जातात, तशी खेळायलाही जातात.

ऊसतोडीचा उल्लेख अलंकारापुरता नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. शालेय स्पर्धा रंगात येतात तेव्हाच वर्गातली काही मुले आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात, तर काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांपाशी मागे राहिलेली असतात. स्पर्धांवर उभी असलेली क्रीडाव्यवस्था अशा मुलाला एका तारखेला गाठते. त्या तारखेला तो नसेल तर वर्ष गेले. गावात कायम उघडे असलेले मैदान मात्र मूल परत येईपर्यंत वाट पाहू शकते. 'बनगरवाडी'च्या शेवटी दुष्काळ पडतो, माणसे वाडी सोडतात आणि शाळा ओस पडते. बीडच्या विद्यार्थ्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही.

जुन्या तालमीचा गौरव करताना एक सावधगिरी हवी. ती तालीम गावाची होती म्हणजे सगळ्या गावाची होती, असे नाही. तिच्या उंबऱ्याच्या आत मुलींना जागा नव्हती, आणि कोणत्या वस्तीतल्या मुलाने आत यावे हेही अनेक ठिकाणी ठरलेले असे. शाळेच्या मैदानाने ही मर्यादा ओलांडली. मराठवाड्यातल्या मुली मैदानावर आल्या त्या शाळेच्या गणवेशात आणि शाळेच्या खो-खो संघातून. शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, सारिका काळे २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचली, हे गावच्या तालमीच्या परंपरेतून होण्यासारखे नव्हते. म्हणून सरकारच्या तालमीला बाजूला सारून गावच्या तालमीकडे परत जावे, असा या लेखाचा आग्रह नाही. सरकारच्या तालमीकडे सर्वांना प्रवेश देण्याचे तत्त्व आहे, पण तिचे फाटक शाळा सुटली की बंद होते. गावच्या तालमीचे दार पहाटे आणि संध्याकाळी उघडे असे, पण सगळ्यांसाठी नव्हे. एकीचे तत्त्व आणि दुसरीची वेळ, दोन्ही हव्यात.

प्रश्न अखेर या फाटकाशी येऊन थांबतो. पोलीस भरतीत मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. त्याची तयारी करणारे तरुण पहाटे डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या कडेने धावताना मराठवाड्यात कुठेही दिसतात. सार्वजनिक पैशाने राखलेले शाळेचे मैदान त्या वेळी कुलपात असते. त्यामागे कारणे आहेत : सामानाची मोडतोड, रात्रीचा उपद्रव, आणि काही झाले तर जबाबदारी मुख्याध्यापकावर. ती खोटी नाहीत. पण त्यांचा उपाय कुलूप हा नव्हे, राखणदार हा आहे. आणि राखणदार म्हणजे पगार. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरियाणातल्या एका गावच्या प्रकरणात क्रीडांगणाशिवाय शाळा असू शकत नाही असे सांगून शाळेच्या जागेवरचे अतिक्रमण हटवायला लावले. त्या न्यायाचा पुढचा टप्पा असा मांडता येईल की गावाशिवाय क्रीडांगण असू नये. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि क्रीडा कार्यालय यांनी मिळून सकाळ-संध्याकाळ चार तास मैदान उघडे ठेवणारा एक माणूस नेमला, आणि त्यातला एक तास मुलींसाठी राखला, तर त्याला नवे संकुल लागत नाही.

नारायणगडाच्या भोवतालच्या गावांत श्रमदानाची सवय आजही आहे. सप्ताह आणि दिंड्या तिच्याच बळावर चालतात. जे गाव आठ दिवस शेकडो माणसांच्या पंगती उठवू शकते, ते एक मैदान राखू शकत नाही असे मानण्याचे कारण नाही. त्याला मैदान आपले वाटले पाहिजे, एवढीच अट आहे. बनगरवाडीच्या मास्तराने तालीम बांधली तेव्हा कोणतेही अनुदान मंजूर झाले नव्हते. राजा आला तो काम पुरे झाल्यावर. तरीही त्या कल्पित वाडीत शाळा आणि तालीम यांच्यात जे नाते दिसते, ते नोंदवहीत क्रीडांगण असलेल्या आणि सहा वाजता कुलूप लागणाऱ्या आपल्या खऱ्या शाळांत दिसत नाही. आपण शिक्षक आहोत, आणि ही कादंबरी आपण वर्गात शिकवतो. निदान शिकवताना तालमीच्या प्रकरणापाशी थांबून, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मुलांना सांगून, आपल्या शाळेचे मैदान किती वाजता बंद होते हे त्यांना विचारायला हरकत नसावी.